भागाबाईनं लावलेला कौल

“मंग शास्त्रात लिहिलंय ते काय खोटं हाय का?” मल्हारीनं पुन्हा तेच विचारलं.

“खोटं कोण म्हणतंय,” भागाबाई म्हणाली. “पण ते काही तुमच्या मेंढरांची सोय लागावी म्हणून लिहिलेलं न्हाई.”

“भाऊ मेला तर धाकट्यानं त्याची बायको करून घ्यावी, थोरल्याचं नाव चालवावं. मिशनच्या रामकिशन उपदेशकानं याच ओट्यावर बसून वाचलं व्हतं. तू ऐकलं, आईनं ऐकलं.”

“म्या ऐकलं,” म्हातारी चंद्रभागाबाई म्हणाली. सुपात बाभळीच्या शेंगा घेऊन ती त्यातला काडीकचरा काढत बसली होती. “आन आपल्यात तर ते पयल्यापासून हाय. शास्त्रानं आता सांगितलं.”

“झालं तर मंग. जुनं बी तेच म्हणतंय, नवं बी तेच म्हणतंय. अडलं कुठं?”

“तुमाला शास्त्रातलं तेवढंच बरं ध्यानात ऱ्हातं.” भागाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. “दारूचं बी वाचलं व्हतं त्यानं. ते न्हाई आठवत?”

मल्हारी हरला नव्हता. मोठ्या मेंढ्याला शिंगं हलवू द्यावीत आणि मग दोरी खेचावी, तसा तो बायकोचं बोलून होईपर्यंत थांबत असे. भांडण ज्या सुनेवरून चाललं होतं ती मनकर्णा कुडाच्या पलीकडं मेंढवाड्यात एका लंगड्या कोकराला आईखाली धरून बसली होती. कुडाला चिखल लिंपून बरीच वर्षं झाली होती. या बाजूचं सगळं त्या बाजूला ऐकू जात होतं.

थोरला दगडोबा गेल्या पावसाळ्यात तापानं गेला. मनकर्णाला मूल नव्हतं. धाकटा नामाजी आता मिसरूड फुटून लग्नाचा झाला होता, आणि त्याला बायको मिळण्याचं चिन्ह नव्हतं. मल्हारीचं म्हणणं सरळ होतं. धनगरातलं कोणी आता आपल्या घरात पोरगी देत नाही. मिशनवाल्यांत आपल्या जातीचं दुसरं घर नाही, आणि बाकीच्या ख्रिस्ती लोकांच्यात सोयरीक करायला म्हातारी जिवंत असेपर्यंत तयार होणार नाही. घरात कामाची, ओळखीची, रागालोभाची माहिती असलेली पोर आहे. नामाजीच्या गळ्यात घाला आणि मोकळे व्हा. मनकर्णा गेली तर मेंढरांमागं कोण जाईल?

भागाबाईला यातलं एकही वाक्य खोडता येत नव्हतं. तिला फक्त एवढं कळत होतं की नवऱ्याचं बोलणं तिला पटत नव्हतं. का, ते तिला सांगता येत नव्हतं.

ती नरसीकडच्या धनगराची लेक. न्हाण येण्याआधी लग्न होऊन साखऱ्याला आली. मेंढरांमागं हिंडली, दुसऱ्यांच्या शेतांत राहुट्या ठोकून राहिली, खतासाठी मेंढरं बसवण्याच्या बदल्यात मिळालेली ज्वारी डोक्यावरून आणली. पुढं मल्हारीच्या पायात नारू झाला. ओढून काढताना किड्याचा दोरा आतच तुटला, पाय सडायला लागला. जाणत्यांनी पाला बांधला, बिरोबाला बकरं कबूल केलं. पाय काळाच पडत गेला. तेव्हा भागाबाईनं त्याला बैलगाडीत घातलं आणि मोगलाईची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात, वाशीमच्या मिशन दवाखान्यात नेलं. पाय वाचला. नाक्यावरचा शिपाई येताना म्हणाला, “पायावर जकात नाही, जाऊ द्या.” हे मल्हारी अजून हसत सांगत असे. तिथं गोऱ्या बाईनं रोज पाय धुतला, याचं भागाबाईला पायापेक्षा नवल वाटलं. वर्षभरानं सगळ्या घरानं बाप्तिस्मा घेतला. जातभाईंनी चिलीम बंद केली, वाळीत टाकलं. ज्या कोनाड्यात बिरोबाचा टाक असे तिथं येशूचं शास्त्र आलं. म्हातारीनंही डोक्यावर पाणी घेतलं, पण शेंगदाण्याचा पहिला घाणा काढला की थोडं तेल ती कोनाड्यापुढं सांडायचीच. कुणासाठी, ते कुणी विचारत नसे.

शास्त्र घरात होतं, पण वाचता कुणालाच येत नव्हतं. महिन्यातून एखादा रविवार रामकिशन उपदेशक हिंगोलीहून सायकलवर यायचा आणि वाचायचा. तो वाचून जाईल त्यावर तो पुन्हा येईपर्यंत घर चालायचं. मल्हारीच्या डोक्यात त्यातली एक गोष्ट राहायची, म्हातारीच्या दुसरी, भागाबाईच्या तिसरी.

पुढच्या रविवारी रामकिशन आला तो घामानं भिजून. उन्हाळा पेटला होता. त्यानं टोपी काढली, पाणी प्यायला, आणि मल्हारीनं श्वास घेऊ न देता त्याला विचारलं.

रामकिशननं कपाळ पुसलं. “वाचलं व्हतं खरं,” तो म्हणाला. “पण ते जुन्या करारातलं. त्या काळचं.”

“मंग त्या काळचं वाचता काहून?”

“समदं शास्त्र वाचावंच लागतं, मल्हारीराव. पण मंडळीच्या नियमात भावजयीशी लगीन बसत न्हाई, बहुतेक.”

“बहुतेक म्हंजे?”

“सायबाला विचारावं लागंल. साहेब थंड हवेला गेलेत. पाऊस पडल्यावर येतील.”

“म्हंजे पाऊस पडेस्तोवर देवाचं मत ठरणार न्हाई,” चंद्रभागाबाई म्हणाली.

रामकिशन हसला नाही. तो भला माणूस होता आणि म्हातारीला भीत असे. त्यानं भागाबाईकडं वळून आवाज खाली आणला. “बाई, माझं ऐकाल तर पोरीला वाशीमला धाडा. दवाखान्यात पोरी शिकवून राहिलेत. पट्ट्या बांधायच्या, बाळंतिणी बघायच्या. राहायला, खायला तिथंच. विधवा बाईला याच्यापेक्षा बरं काय?”

“तुमाला कुणी सांगितलं पोरी आणायला?”

“सायबानं मागच्या महिन्यात सगळ्या उपदेशकांना सांगितलं,” रामकिशन भोळेपणानं म्हणाला. “मी अजून एक बी न्हाई दिली.”

भागाबाईनं त्याच्यापुढं ताक ठेवलं. प्रार्थनेच्या वेळी तो शास्त्रातल्या त्या राजाचं सांगू लागला, ज्यानं देवाजवळ ना धन मागितलं ना शत्रूचा जीव, फक्त अक्कल मागितली. तुमच्यातल्या कुणाला अक्कल कमी पडत असेल तर त्यानं मागावी, देव हातचं राखून देत नाही, असं तो म्हणाला. भागाबाईनं डोळे उघडले. जाता जाता सायकल धरून त्याला तिनं अडवलं.

“मास्तर, देवानं अक्कल दिली हे कळतं कसं? माझ्या बी डोक्यात अक्कल येते, नवऱ्याच्या बी येते. त्यातली देवाची कोणती?”

रामकिशननं सायकलीची घंटी उगाच वाजवून बघितली. “जगाची अक्कल आधी आपलं ताट बघते,” तो म्हणाला. “देवाची निर्मळ असते. ती घरात भांडण लावत न्हाई. समोरच्याची कीव करते. फळावरून ओळखावी.”

“आन फळ यायला वेळ लागला तर?”

“तर थांबावं,” रामकिशन म्हणाला आणि पायडलवर पाय ठेवला.

थांबावं, म्हणजे पाऊस पडेपर्यंत का, हे त्याला विचारायचं राहून गेलं.

भागाबाई प्रार्थना करू लागली. चुलीपुढं, विहिरीवर, लोकर पिंजताना. देवा, मला अक्कल दे. ती मनात म्हणायची आणि मग कान देऊन ऐकायची. दर वेळी उत्तर यायचं, आणि दर वेळी ते नवऱ्याच्याच आवाजात यायचं. मेंढरांमागं कोण जाईल? म्हातारीची मालिश कोण करील? तू आजारी पडलीस तर तोंडात पाणी कोण घालील? लेक पोटी नव्हती. मनकर्णा या घरात परकराच्या वयात आली होती. तिचे केस भागाबाईनं विंचरले, तिला पहिली भाकरी थापायला शिकवली. ती वाशीमला गेली तर घर कसं दिसेल हे भागाबाईला दिसत होतं आणि ते दिसलं की ती प्रार्थना अर्धी सोडून कामाला लागायची.

एका दुपारी सगळे बाहेर गेले होते. मल्हारी आणि नामाजी माणिकराव पाटलाच्या शेतात मेंढरं बसवायला गेले होते, मनकर्णा बाभळीच्या शेंगा झोडायला, म्हातारी शेजारच्या ओसरीत पडली होती. भागाबाईनं कोनाड्यातलं शास्त्र काढलं, पदरानं पुसलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. तांब्यात बोट बुडवलं. ज्वारीचे दोन दाणे ओले करून शास्त्राच्या काळ्या पुठ्ठ्यावर लावले, एक उजवीकडं, एक डावीकडं. तिच्या माहेरी टाकावर असाच कौल लावत. उजवा आधी पडला तर देवाचा होकार.

“उजवा पडला तर नामाजी,” ती हळू म्हणाली. “डावा पडला तर वाशीम. येशूच्या नावानं.”

आणि ती मांडी घालून बसली. शास्त्रावर कौल लावू नये असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण असं कुणी करील हे रामकिशनच्या डोक्यातही आलं नसतं. पाणी सुकत चाललं. बाहेर कुत्रं धापा टाकत होतं. मग उजवा दाणा सुटला, पुठ्ठ्यावरून घरंगळला आणि जमिनीवर टप्प आवाज करून थांबला.

“उजवा दिला,” मागून म्हातारी म्हणाली.

भागाबाई दचकली. चंद्रभागाबाई दारात उभी होती, एका हातानं चौकट धरून. तिला सांगायला नको होतं. अख्खा जन्म तिनं कौल लावले होते.

“कशावर लावला गं? त्या पुस्तकावर?”

“व्हय, आत्याबाई.”

“बराबर केलं. देव तिथं बसलाय तर तिथंच लावायचा.” म्हातारीनं वाकून दाणा उचलला आणि कपाळाला लावला. “नामाजीसाठीच लावला व्हतास ना?”

भागाबाईच्या तोंडातून हो निघालं. संध्याकाळपर्यंत घरभर झालं. मल्हारीनं बायकोकडं प्रथमच आदरानं बघितलं. “देवानंच तोंडानं सांगितलं म्हणा की,” तो म्हणाला आणि लग्नासाठी कोणती दोन मेंढरं विकायची याचा विचार करू लागला. नामाजी खाली मान घालून दोर वळत होता. त्याचा दोर वळून संपला, तरी तो वळतच राहिला.

भागाबाईला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, घटकाभर. मग भांडी घासताना तिचा अंगठा राखेत थांबला. डावा दाणा लावताना तिनं तो या अंगठ्यानं दाबला होता. उजवा नुसता टेकवला होता. हे तिनं ठरवून केलं नव्हतं, पण अंगठ्यानं केलं होतं, आणि अंगठा तिचाच होता.

आता काय समजायचं? कौल खोटा? की देवानंच अंगठा दाबायला लावला? तो दाणा पाडू शकतो तर अंगठाही हलवू शकतो. असं म्हटलं की मग माणूस करतो ते सगळंच देवाचं, आणि मल्हारीची दारूही. ती इतका वेळ तिथंच बसली की राख हातावर वाळली. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय?

त्यानंतरचे दिवस घरात विचित्र गेले. पूर्वी मनकर्णा आणि नामाजी दिवसभर एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे. ती लग्न होऊन आली तेव्हा तो कडेवरचा होता. मेंढरांमागं जाताना तिनंच त्याला वाहिला होता. त्याच्या नाकाची, अंथरूण ओलं करण्याची, कोकराला घाबरण्याची चेष्टा तिनं कधी सोडली नाही. तो तिला ‘वैनी, तुझी भाकरी मेंढरू बी खाईना’ असं म्हणायचा आणि चार खाऊन उठायचा. आता तो आला की ती पदर डोक्यावर ओढायची. तो तिला वैनी म्हणेना. दुसरं काही म्हणता येईना, म्हणून तो तिला कसलीच हाक मारेना. पाणी पाहिजे असलं तर तांब्या जमिनीवर आपटायचा. ताट ठेवून ती आत जायची आणि तो अर्धी भाकरी ठेवून उठायचा. नंतर तो मेंढवाड्यातच जेवू लागला.

“लाजून राहिलंय पोरगं,” मल्हारी म्हणाला.

“मेंढराला कापायला नेलं की ते बी अशीच मान खाली घालतं,” भागाबाई म्हणाली.

“काय म्हणालीस?”

“काई न्हाई. जेवा.”

लोकर कातरायचा दिवस आला. भागाबाई मेंढी पाडून पाय धरायची आणि मनकर्णा कातर चालवायची. नामाजीनं या कामाला यायला हवं होतं. तो माणिकरावाच्या शेताकडं निघून गेला होता. 

“मनकर्णे,” भागाबाई म्हणाली, “तुला काय वाटतं?”

“कशाचं?”

“समजून घे ना.”

मनकर्णानं मेंढीच्या पोटाखालची लोकर सावकाश काढली. “तुमी म्हणाल तसं करीन, आत्याबाई. देवानं कौल दिलाय म्हणतात.”

“देवाचं सोड. तुझं विचारते.”

“माझं काय? इथं ऱ्हायलं तर तुमी हाव.” ती थांबली. “वाशीमला माझं कोण हाय?”

“मंग नामाजी चालंल तुला?”

“मला चालंल का, हे काहून विचारता? त्याला विचारा. त्याला मी वैनी म्हणून लागते. बायको झाले तर त्याची वैनी जाते. आन बायको येते का न्हाई, कुणाला ठाऊक.” तिनं मेंढीचं तोंड दुसरीकडं वळवलं. “मला बी असं वाटून राहिलं की मालकासंगं हे पोरगं बी गेलं. घरात दिसतं, पण गेलं.”

“मंग वाशीम?”

“भ्याव वाटतं. तिथं रक्त पुसावं लागतं म्हणतात.”

“इथं काय दूध पुसतेस?”

मनकर्णाला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. मग ते तसंच विरलं आणि ती पुन्हा कातर चालवू लागली. तिला लग्न नको होतं असं ती म्हणाली नाही. वाशीम हवं असंही म्हणाली नाही. भागाबाईनं पाय धरून ठेवलेली मेंढी सुटण्यासाठी धडपडत होती आणि भागाबाईला वाटलं, हिला तरी कुठं पळायचंय हे ठाऊक आहे.

ती त्या दिवशी कोनाड्यापुढं उभी राहिली, पण काही मागितलं नाही. मागून मागून ती थकली होती. तिनं नुसता एकेकाचा हिशेब मनात मांडला. मल्हारीला मेंढरांमागं माणूस पाहिजे. म्हातारीला पणतू पाहिजे. रामकिशनला साहेबापुढं न्यायला पोरगी पाहिजे. आणि मला? मला मनकर्णा पाहिजे. चुलीपाशी, म्हातारपणी, मरताना. सगळ्यांच्या अकलेत आपापलं ताट होतं. तिच्या स्वतःच्या तर सगळ्यात भरलेलं.

आणि फळ म्हणावं तर ते दिसतच होतं. कौल लागल्यापासून भावंडांसारखी वाढलेली दोघं एकमेकांसमोर जेवेनाशी झाली. हे कसलं निर्मळ?

तरीही तिला खात्री नव्हती. वाशीमला पोर रडून मेली तर? तिथं कुणी तिला दगा दिला तर? नामाजी जन्मभर बिनलग्नाचा राहिला तर आई म्हणून ती देवाला काय सांगणार? रामकिशनचं ऐकलं म्हणून सांगणार, की अंगठ्याचं ऐकलं नाही म्हणून? एका बाजूनं विचार केला की दुसरी बाजू खरी वाटायची, आणि दुसरीकडून बघितलं की पहिली. देवाची अक्कल अशी भिंतीवर लिहून येत असेल तर तिच्या घराच्या भिंती कुडाच्या होत्या. शेवटी तिला एवढंच पकडता आलं की जिच्या अंगावर हे सगळं पडणार आहे तिची कीव कुठल्या बाजूला आहे. वाशीमला ती भिऊन जाईल, पण परत येता येईल. या लग्नातून परत यायला वाट नव्हती.

हे देवानं सांगितलं का, तिला माहीत नव्हतं. पण त्यात तिचं ताट रिकामं होत होतं, म्हणून तिला ते जरा खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे न्याहारीला बसले. नामाजीलाही तिनं मेंढवाड्यातून हाक मारून आणला आणि भिंतीशी बसवला. मनकर्णा पदर ओढून दाराआड उभी राहिली.

“लगीन होणार न्हाई,” भागाबाई म्हणाली.

मल्हारीचा घास हातात राहिला. “कौल लागलाय की.”

“लागला न्हाई. म्या लावला. डावा दाणा म्या दाबला व्हता.”

म्हातारीनं डोळे बारीक केले. “मुद्दाम?”

“ते मला बी कळलं न्हाई, आत्याबाई.”

“मंग परत लाव. आता नीट लाव.”

“न्हाई लावणार.”

“वेडी हायेस का तू?” मल्हारी म्हणाला. “रामकिशनला सुद्धा पक्कं ठाऊक न्हाई, सायबाला न्हाई, आन तुला ठाऊक झालं? देवानं तुलाच येऊन सांगितलं?”

“मला बी ठाऊक न्हाई,” भागाबाई म्हणाली.

“मंग?”

नामाजीनं मान वर केली होती. दाराआडचा पदर हलला नाही. भागाबाईनं टोपलीतली भाकरी काढून नामाजीच्या ताटात ठेवली, वर ठेचा वाढला.

“मनकर्णा सोमवारी वाशीमला जाईल,” ती म्हणाली. “दवाखान्यात कामं शिकायला. पोचवायला मी जाते. करमलं न्हाई तर परत येईल, या घरची लेक म्हणून. नामाजीसाठी मिशनवाल्यांत बघू, मंग जात कोणती का असंना. आन मी येईस्तोवर मेंढरांमागं तुमी जा.”